आजीबाई कोर्टाची पायरी चढतात तेव्हा...

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक आजीबाईंनी मात्र ती चढली आणि थेट आपल्या सरकारलाच प्रतिवादी केले!

त्यांची संस्था २०१६ साली निघाली. सभासदांचे सरासरी वय ७३. तक्रार एकच : हवामानबदल रोखण्यासाठी सरकार पुरेसे प्रयत्न करीत नाही आणि उष्णतेच्या लाटांचा सर्वाधिक तडाखा आम्हा वृद्धांना बसतो.

यात अतिशयोक्ती नाही. वय वाढले की घाम कमी येतो, त्यामुळे शरीर लवकर निवत नाही. तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातले पाणी आणखी घटते. ऑगस्ट २००३ मध्ये एकट्या फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार बळी घेतले. त्यांत बहुतेक वृद्ध होते, आणि स्त्रियांचे प्रमाण अधिक होते.

तरीही २०१८ आणि २०२० मध्ये मायदेशातल्या न्यायालयांनी आजीबाईंना रिकाम्या हाती परत पाठवले. त्या डगमगल्या नाहीत. त्यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात धाव घेतली. ९ एप्रिल २०२४ रोजी १७ पैकी १६ न्यायाधीशांनी कौल दिला : सरकारने या नागरिकांच्या खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केला आहे. स्विस सरकारने मात्र 'आम्ही पुरेसे करतो आहोत' अशी भूमिका घेतली. म्हणजे लढा संपलेला नाही.

आपल्याकडचे ऊन तर त्याहून कडक. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक नोंदले गेले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा आखला. त्यात लोकांना आधी इशारा देणे आणि दवाखाने सज्ज ठेवणे यांवर भर होता.

पण सरकारी इशारा घरातल्या आजोबांपर्यंत पोहोचवायचा कुणी? ते 'तहान नाही' म्हणाले, तरी थोड्या थोड्या वेळाने पाणी पुढे करावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. दुपारी त्यांना गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत झोपू देऊ नये. बोलण्यात असंबद्धपणा आला, भोवळ आली, अंग तापले, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता ताबडतोब दवाखाना गाठावा.

म्हातारपणी ऊन सोसत नाही, हे आपण नेहमीच म्हणतो. ते सोसावे लागू नये हा वृद्धांचा हक्क आहे, हे मात्र या आजीबाईंनी जगाला सांगितले.