विक्रांतवरची धाकटी बोफोर्स

बोफोर्स म्हटलं की आपल्याकडे आधी घोटाळा आठवतो. ती १९८६च्या करारातली १५५ मिलिमीटरची हॉवित्झर. पण त्याच स्वीडिश कंपनीची धाकटी, ४० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ त्याच्या पंचवीस वर्षं आधीच मुंबई बंदरात पोहोचली होती. आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेवरून.

३ नोव्हेंबर १९६१ला विक्रांत मुंबईत आली. मूळ रचनेत तिच्यावर अशा १६ तोफा होत्या, पुढे त्या आठवर आल्या.

या तोफेची कामाची पद्धत मोठी झकास. चार गोळ्यांची क्लिप वरून घालायची. गोळा सुटला की नळी मागे सरकते. त्याच धक्क्यावर रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचा गोळा आत बसतो. मिनिटाला साधारण १२० गोळे, प्रत्येक जवळपास ९०० ग्रॅमचा. तोफ दमत नाही, तिला भरवणारा गडी दमतो! दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या कितीतरी युद्धनौकांवर हीच होती.

विक्रांत १९९७ला निवृत्त झाली, २०१२पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी तिथल्याच दारूखाना भागात तोडली गेली.

अशा तोफांच्या जागी आज माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची एके-६३० तोफ दिसते. रडारच्या इशाऱ्यावर ती मिनिटाला हजारो गोळ्या झाडते.

बोफोर्सची पुढची पिढी, एल-७०, मात्र भूदलात टिकली. मे २०२५मध्ये पश्चिम सीमेवर पाकिस्तानी ड्रोन पाडायला तीही वापरली गेली.