जंतूंची कॉपी

परीक्षेत एकानं उत्तराची चिठ्ठी लिहिली आणि ती वर्गभर फिरली तर? अभ्यास न करता सगळेच पास! जंतूसुद्धा अशी कॉपी करतात बरं का. ती पकडली जपानी शास्त्रज्ञांनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या साथी येत. शिगेला नावाच्या जंतूंमुळे हा आमांश होतो. आधी त्यावर सल्फाची औषधं चालत, पुढे ती चालेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशी नवी औषधं आली. पण १९५५ च्या सुमारास या चारही औषधांना दाद न देणारे शिगेला सापडले. डॉक्टर चक्रावले. एकदम चार औषधांना तोंड द्यायला हे जंतू शिकले कुठे?

काही रोग्यांच्या आतड्यातले इ. कोलाय हे जंतूही त्याच चार औषधांना जुमानत नव्हते. कुनितारो ओचिआई आणि तोमोइचिरो अकिबा यांनी १९५९ मध्ये असे इ. कोलाय आणि औषधानं मरणारे शिगेला एकत्र वाढवून पाहिले. काय आश्चर्य! काही शिगेलाही औषधाला दाद देईनात.

चिठ्ठी सापडली होती! जंतूच्या पेशीत मुख्य डीएनएशिवाय डीएनएची एक छोटी कडी असू शकते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषध मोडून टाकायचं कसं किंवा पेशीबाहेर फेकायचं कसं, हे सांगणारी जनुकं तिच्यावर असतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि कडीची नक्कल त्याला देतो. मूळ कडी स्वतःकडे राहतेच! जात वेगळी असली तरी अडत नाही.

रुग्णालयात तर या जंतूंचं फावतं. तिथं प्रतिजैविकं खूप वापरली जातात. साधे जंतू मरतात, चिठ्ठीवाले उरतात आणि मोकळ्या जागेत भराभर वाढतात. न धुतलेल्या हातांवरून ते या खाटेवरून त्या खाटेवर पोचतात. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला अशा जंतूंनी गाठलं आणि औषध चाललं नाही, तर जिवावरच बेततं.

एक कबुली देते. माझ्या मुलीला सर्दी झाली, तेव्हा मीही डब्यात उरलेली प्रतिजैविकाची गोळी तिला द्यायला निघाले होते. पाकिटावरची उभी लाल रेघ पाहून थांबले. ती रेघ म्हणजे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका. शिवाय सर्दी होते विषाणूंमुळे. त्यांच्यावर प्रतिजैविक चालतच नाही! उलट पोटातले साधे जंतू मरतात आणि चिठ्ठीवाल्यांना रान मोकळं मिळतं.

आज आईबाबांबरोबर घरातला औषधांचा डबा उघडा. लाल रेघेची उरलेली पाकिटं शोधा आणि ती मनानं कुणी घेऊ नयेत, असं घरात सांगा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र त्यांनी सांगितलेले दिवस नेमानं घ्या. आणि आजारी माणसाला भेटायला रुग्णालयात गेलात, तर आत जाताना अन् बाहेर येताना साबणानं हात स्वच्छ धुवा. तेवढ्यानंही एखादी चिठ्ठी वाटेतच अडेल!