मुळावरचा पिठ्या

सकाळी ७.३०
वायनाड. पाऊस नुकताच सरलाय, माती ओलीच आहे. सिल्व्हर ओकवर चढलेला मिरीचा एक वेल पिवळा पडलाय. मजुरीवर आलेली चेची, म्हणजे ताई, फावडं बाजूला ठेवते आणि खुरपं घेते. फावड्याने मूळ तुटतं आणि हवा असलेला किडा मातीत सांडतो. हजेरी आठशे, वेल एक उकरा की दहा.

८.१५
वीतभर खाली मूळ पांढरं होतं, कुणी पीठ भुरभुरल्यासारखं. भोवती मुंग्या. पिठ्या ढेकूण मुळातला रस ओढतो, गोडसर द्रव मागून सोडतो. मुंग्यांना तो हवाच असतो, म्हणून त्या ढेकणाला राखतात. वरून पाहिलं तर पानं पिवळीच. बुरशीने मर लागली तरी पिवळी, सूत्रकृमी लागले तरी पिवळी. म्हणून उकरायचं.

बागायतदार विचारतो, "औषध कुठलं?"
"आधी नाव कळू दे, चेट्टा," प्रयोगशाळेतली मदतनीस म्हणते. ती कंत्राटावर आहे. ढेकूण ती ओल्या ब्रशच्या टोकाने उचलते, चिमट्याने नाही. चिमट्यात तो फुटतो.

१०.३०
प्रयोगशाळेत अल्कोहोलच्या बाटलीतून फक्त प्रौढ माद्या वेगळ्या होतात. पिल्लांवरून जात ठरवणं अवघड. प्रत्येक मादीला सुईने बारीक छेद, मग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात, गरम पाण्यावर.

११.१५
खरी मजुरी इथे. किडा दोन-तीन मिलिमीटरचा. सूक्ष्मदर्शकाखाली, वाकवलेल्या सुईने दाबून आतलं सगळं बाहेर काढायचं. राहिली पाहिजे फक्त कातडी, तीही अखंड. जोर जास्त झाला की पाय जातो. पाय गेला की स्लाइड गेली. मदतनीस श्वास सोडते तोही बाजूला तोंड करून. बारा माद्यांतल्या तीन फाटतात. मान आखडते. चहा बारा रुपये, स्वतःच्या खिशातून.

१२.३०
कातड्या लाल रंगात, ॲसिड फुक्सिनमध्ये. त्या रंगतात तोवर जेवण.

२.३०
अल्कोहोल, मग लवंगेचं तेल. खोलीला मसाल्याच्या डब्याचा वास. शेवटी कॅनडा बाल्समचा थेंब आणि वर काच. हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा.

३.३०
आता मोजणी. मिरीवरच्या मादीच्या कडेने काट्यांच्या गटांच्या अठरा जोड्या, मिशीला आठ पेरं. प्लॅनोकॉकस.

दुसरी स्लाइड केळीच्या मुळांवरून आलेल्या दुसऱ्या बाटलीतली. मिशी आखूड, कोपरासारखी वाकलेली, शेपटाकडे आकड्यासारखे जाड काटे. हा जिओकॉकस. त्याचं कुळच वेगळं, रायझोइसिडी. २०१२ पर्यंत त्याला पिठ्या ढेकणांच्या मोठ्या कुळातच धरत. कीटकशास्त्रज्ञ हॉजसन यांनी प्रौढ नरांची रचना तपासून ते वेगळं केलं. नर तोंड नसलेला, काही दिवसांत मरणारा. शेतकऱ्याला तो दिसतच नाही. कुळाचं नाव मात्र त्याच्यावरून बदललं. मला हे गमतीचं वाटतं, तिला नाही. तिला जुन्या स्लाइडवरची लेबलं बदलायची आहेत.

५.१०
लेबल: पीक, मूळ, खोली, तारीख. स्लाइड चाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये, तीन-चार आठवडे.

५.३०
बागायतदाराचा फोन.
"प्लॅनोकॉकस आहे, चेट्टा. जात अजून पक्की नाही. सिट्री असेल तर कॉफीवरही येतो. शेजारची दोन झाडं उकरून बघू."
"उद्या?"
"उद्या चेची दुसरीकडे आहे. परवा."
"परवा हजेरी कोण देणार?"
ती म्हणते, विचारून सांगते.