साठांतले पन्नास एकट्याला

‘पाच वेगवेगळ्या नैसर्गिक संख्यांची सरासरी १२ आहे. त्यांतली सर्वांत मोठी संख्या जास्तीत जास्त किती असेल?’ स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की पहिलं उत्तर बहुतेक वेळा येतं ते १४. पोरं १०, ११, १२, १३, १४ मांडतात. बेरीज ६०, सरासरी १२, सगळं चोख. फक्त विचारलेलं तेवढं राहून जातं.

संख्या सरासरीच्या आसपासच असणार, असं आपण मनाशी धरून चालतो. तशी सक्ती कुठंच नाही. सरासरी एवढंच सांगते की पाचांची मिळून बेरीज ६० आहे. समजा, ६० रुपये पाच जणांत वाटायचेत आणि एकाचा खिसा होईल तेवढा फुगवायचाय. मग बाकी चौघांच्या हातावर कमीत कमी टेकवायचं: १, २, ३, ४. झाले दहा. उरले ५०, तेच उत्तर. मोठी संख्या हवी, तर आधी लहानांकडे बघायचं.

आता एकेक शब्द हलवून बघा. ‘वेगवेगळ्या’ काढला तर चौघांना एकेकच पुरे, उत्तर ५६. ‘नैसर्गिक’च्या जागी ‘पूर्ण संख्या’ आल्या तर शून्यही चालतं. ०, १, २, ३ घेतले की ५४. ‘पूर्णांक’ म्हटलं तर ऋण संख्यांना दार उघडतं आणि कमाल उरतच नाही. उणे हजार कोण अडवणार? ‘मध्यकही १२’ अशी अट जोडली तर १, २, १२, १३ आणि ३२. गणित तेच, वाचन वेगळं. मला तर ही उदाहरणं गणितापेक्षा मराठीच्या पेपरात शोभतील असं वाटतं.

बाकीच्यांना खाली दाबलं की काम झालं, हाही अर्धवट समज. पाच विषय, प्रत्येकी १०० गुण, प्रत्येकात ३५ ला पास, सरासरी ६०. पास झालेल्या मुलाला एका विषयात जास्तीत जास्त किती? ३०० मधून चार पस्तिशी १४० वजा केले की १६०. असं उत्तर लिहून खाली दोन रेघा मारलेले कागद मी तपासलेत! शंभरापैकी १६०? उत्तर १००, उरलेले २०० बाकीच्या चार विषयांत बसतात. तळ पाहिला, छत विसरले.

निम्मे सरासरीच्या वर, निम्मे खाली, हेही खरं नाही. आपल्या पहिल्याच उदाहरणात चौघे खाली, एकटा वर.

राहता राहिला सगळ्यांत पक्का वाटणारा नियम: सरासरी कधी कमाल संख्येपेक्षा मोठी नसते. साध्या सरासरीत तो शंभर टक्के खरा. क्रिकेटमध्ये मात्र धावांना डावांनी नव्हे, तर किती वेळा बाद झाला त्या आकड्याने भागतात. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज बिल जॉन्स्टन १७ डाव खेळला, १६ वेळा नाबाद राहिला. धावा १०२, बाद एकदा, सरासरी १०२. आणि त्या दौऱ्यातली त्याची सर्वोच्च धावसंख्या? नाबाद २८.