आंबवण्याचं विज्ञान (भाग ९) : कोणतं यीस्ट, किती यीस्ट

गेल्या आठवड्यात आपण मोड आणलेल्या जवातून गोड रस कसा काढतात ते पाहिलं. हॉप्सबरोबर उकळलेला हा रस, म्हणजे वर्ट, गार झाला की बिअर करणाऱ्याच्या हातात तीनच निर्णय उरतात : यीस्ट कोणतं, किती आणि कोणत्या तापमानाला. नवखा माणूस पहिल्या प्रश्नावर आठवडाभर डोकं खपवतो आणि उरलेले दोन नशिबावर सोडतो. घरची बिअर बिघडते ती बहुतेक वेळा त्या दोनांपायीच.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरच्या घरी, स्वतःपुरतंसुद्धा नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली ती मायक्रोब्रुअरीचा रीतसर परवाना घेऊन. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली, अमेरिकेने १९७८ साली संघीय कायद्यात सूट दिली. त्यामुळे पुढची कृती उपयोगी पडेल ती तिकडे राहणाऱ्या मुला-भाच्यांना. कोयनाकाठच्या वाचकाने मात्र हेच शास्त्र आपल्याच खोऱ्यात पाहावं. कोयना कराडला कृष्णेला मिळते. त्या पाण्यावर ऊस पिकतो, उसाची मळी उरते आणि रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यापर्यंतच्या डिस्टिलऱ्यांमध्ये यीस्ट त्या मळीचं अल्कोहोल करतं. बिअरचं यीस्ट आणि मळीचं यीस्ट बहुधा एकाच प्रजातीचं असतं : सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फरक असतो वाणाचा.

तेव्हा वाणापासून सुरुवात करू. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्याआधी पिपातल्या यीस्टमध्ये भलतेसलते सोबती असायचे, आणि एखादा घाणा कडवट का झाला हे कुणालाच सांगता येत नसे. आज आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्टचे वाण क्रमांक देऊन जपलेले असतात.

बिअरपुरते वाणांचे दोन मोठे गट. एल यीस्ट १८ ते २२ अंश सेल्सिअसला रमतं. लागर यीस्टला ८ ते १३ अंश लागतात. लागरचं यीस्ट ही मुळात संकरित प्रजाती आहे. तिच्या थंडी सोसणाऱ्या पूर्वजाचा पत्ता २०११ साली दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात लागला. गटाच्या आतही स्वभाव वेगवेगळे. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट केळ्याचा आणि लवंगेचा वास देतं. त्या बिअरमध्ये केळं नसतं, लवंगही नसते. अमेरिकी एल यीस्ट स्वतःची चव मागे ठेवतं आणि हॉप्सना पुढे करतं. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं क्वाइक ३५ अंशांच्या वरही बिनतक्रार काम करतं. म्हणून वाण निवडताना पाकिटावरच्या चवीच्या वर्णनाआधी तापमानाचा आकडा वाचावा. पावसाळ्यातल्या कोयनानगरच्या गार खोलीत जे एल यीस्ट शहाण्यासारखं वागेल, तेच एप्रिलमधल्या सांगलीत उग्र, डोकं चढवणारी अल्कोहोलं तयार करील.

आता संख्या. कोरडं यीस्ट महिनोन्‌महिने टिकतं. द्रव यीस्टमध्ये वाणांची निवड कितीतरी मोठी, पण ते नाजूक असतं. त्याच्या ताज्या पाकिटात ढोबळमानाने शंभर अब्ज पेशी असतात आणि फ्रीजमध्ये ठेवूनही महिन्याला साधारण पाचवा हिस्सा मरतो. उन्हात तापलेल्या पार्सलच्या गाडीत तर हा हिशेबच कोलमडतो. म्हणून घेताना पहिल्यांदा तारीख पाहावी आणि बर्फाच्या पिशवीसकटच मागवावं.

लागतं किती? एलसाठी दर मिलिलिटरला, साखरेच्या दर प्लेटो अंशामागे, साडेसात लाख जिवंत पेशी हा सर्वमान्य अंदाज आहे. प्लेटो अंश म्हणजे वर्टमध्ये विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचं वजनी शेकडा प्रमाण. २० लिटर वर्ट १२ प्लेटोचं असेल तर गणित १८० अब्जांवर जातं. थंडीत काम करणाऱ्या लागरला याच्या दुप्पट. म्हणजे ताजं पाकीटही एलला अपुरं पडतं, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या पाकिटात तर साठेक अब्जच उरलेल्या असतात.

कमी पेशी सोडल्या तर काय होतं? त्यांना आधी आपली संख्या वाढवावी लागते. त्या गडबडीत फळासारखे वास वाजवीपेक्षा जास्त तयार होतात, काम अर्ध्यात थांबू शकतं आणि मधल्या तासांत जंगली यीस्ट व आंबट करणारे जिवाणू त्या गोड रसात हातपाय पसरतात. पाटण तालुक्यातला भातकरी सगळं बी थेट शेतात फेकत नाही. छोट्या तुकड्यात तरवा टाकतो, रोप जोमदार झालं की लावणी करतो, म्हणजे तणाला डोकं वर काढायला जागा उरत नाही. द्रव यीस्टचं स्टार्टर हा असाच तरवा.

स्टार्टरची कृती सोपी आहे. दोन लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम माल्ट अर्काची पावडर घालून दहा-पंधरा मिनिटं उकळावं. खोलीच्या तापमानाला आल्यावर निर्जंतुक केलेल्या बाटलीत ओतून यीस्ट घालावं, तोंडावर फॉइल सैल ठेवावी. झाकण घट्ट लावलं तर वायू कोंडून बाटली फुटेल. दिवसभर, जाता-येता बाटली हलवत राहावं. हवा मिळाली की पेशी वाढतात. चोवीस ते छत्तीस तासांत तळाशी दुधी साका दिसू लागतो. एलसाठीची तूट एवढ्यात बहुधा भरून निघते. डिस्टिलरीतही तत्त्व हेच. प्रयोगशाळेतल्या नळीतलं यीस्ट टप्प्याटप्प्याने, दर वेळी मोठ्या भांड्यात वाढवत नेतात आणि मगच फर्मेंटरमध्ये सोडतात. तिथला केमिस्ट थेंबभर नमुन्यात मिथिलीन ब्लू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतो. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग ठरू देत नाहीत. मोजल्याशिवाय टाकी भरत नाहीत, कारण हजारो लिटर मळी वाया घालवणं कुणालाच परवडत नाही. घरी सूक्ष्मदर्शक नसतो. तिथे पाकिटावरची तारीख आणि स्टार्टर यांच्यावर भिस्त.

शेवटी प्रत्यक्ष सोडणं. वर्ट आधी गार करावं. घाई करून चाळीस अंशांच्या रसात ओतलं तर एलच्या पेशी होरपळतात. यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात पाच-सहा अंशांहून जास्त फरक नसावा. सोडण्याआधी गार वर्ट जोरात घुसळून त्यात हवा मिसळावी. पेशींचं आवरण बांधायला लागणारी स्निग्ध द्रव्यं ऑक्सिजनशिवाय तयार होत नाहीत. एकदा फेस धरला की मात्र हवा लागू द्यायची नाही, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. शिवाय यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. खोली वीस अंशांची असली तरी भांड्याच्या आतला रस चार-पाच अंशांनी चढू शकतो. थर्मामीटर म्हणून भांड्याला चिकटवावा, भिंतीला नव्हे. पहिले तीन दिवस भांडं पाण्याच्या टबात ठेवलं तर बहुतेक चढ आटोक्यात राहतो. मळीचं यीस्ट तीस-बत्तीस अंशांना काम करत असल्याने डिस्टिलरीला हीच उष्णता काढायला मोठी शीतकयंत्रं लागतात. तत्त्व मात्र तिथे आणि इथे एकच.

बारा ते चोवीस तासांत फेस दिसावा. छत्तीस तासांनंतरही हालचाल नसेल तर आधी तापमान तपासावं, मग हायड्रोमीटरने घनता. घनता उतरत असेल तर फेस नसला तरी काम चालू आहे, शांत बसावं. उतरत नसेल तर त्याच वाणाचं ताजं यीस्ट घालावं. साखर वाढवून काहीही साधत नाही.

आता प्रश्न उरतो तळाशी बसलेल्या साक्याचा. तो फेकून द्यायचा, की पुढच्या घाण्याला वापरायचा? ब्रुअरीवाले तो किती वेळा वापरतात, आम्लाने धुऊन जिवाणू कसे मारतात आणि कोणत्या टप्प्यावर नव्याने सुरुवात करतात, ते पुढच्या आठवड्यात.