कडधान्ये, कोंबड्यांच्या खाद्यातील

कडधान्ये, कोंबड्यांच्या खाद्यातील : परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना ज्वारी, मका यांच्या जोडीला मूग, उडीद, तूर, चवळी (वऱ्हाडात ‘बरबटी’), सोयाबीन इ. द्विदल धान्ये किंवा त्यांचा चुरा देऊन आहारातील प्रथिनांची तूट भरून काढण्यात येते. मोठ्या कुक्कुटगृहांतील कोंबड्यांना कारखान्यात तयार झालेले संतुलित खाद्य मिळते. त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः घरगुती पालनापुरता आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट प्रदेशात, विशेषतः तापी व सिपना या नद्यांच्या खोऱ्यांतील धारणी तालुक्यात, तो चांगला अभ्यासता येतो. येथील कोरकू व इतर शेतकरी कुटुंबे थोड्याशा देशी कोंबड्या बाळगतात. त्या दिवसभर उकिरडा, खळे व कुंपणाच्या कडेने चरतात आणि सायंकाळी डाल्याखाली किंवा खुराड्यात कोंडल्या जातात. घरून मिळणारे खाद्य म्हणजे मूठभर धान्य व उष्टेखरकटे एवढेच.

पावसाळ्यात अशा कोंबडीला प्रथिनांची फारशी वाण पडत नाही. गांडुळे, अळ्या, नाकतोडे, वाळवी व कोवळा पाला विपुल असतो. परतीचा पाऊस संपून जमीन सुकू लागली की हे आयते खाद्य झपाट्याने घटते. नेमक्या याच सुमारास बऱ्याच प्रौढ कोंबड्यांची जुनी पिसे झडून नवी येऊ लागतात. पीस हे जवळजवळ सर्वस्वी केराटीन या प्रथिनाचे बनलेले असते. गरज वाढण्याची आणि पुरवठा आटण्याची वेळ अशी एकच येते. खरिपाची कडधान्येही याच सुमारास घरात येतात : मूग व उडीद भाद्रपदात, सोयाबीन आश्विनात. तूर मात्र पौषात हाती येत असल्याने हिवाळ्यापूर्वीच्या खाद्यात ती आदल्या वर्षीची किंवा चुणीच्या रूपातच असते.

प्रथिनांचे प्रमाण ज्वारीत सु. १०%, तर तुरीच्या डाळीत २२%, मूग, उडीद व चवळीत सु. २४% आणि सोयाबीनमध्ये सु. ४०% किंवा त्याहून थोडे अधिक असते. अंड्यांवरील कोंबड्यांच्या संतुलित खाद्यात ते १६ ते १८% असावे लागते. तीन भाग ज्वारी व एक भाग मूग यांच्या मिश्रणात ते १३.५ टक्क्यांच्या आसपास येते. मुगाऐवजी भाजलेले सोयाबीन घेतल्यास १७.५ टक्क्यांपर्यंत जाते. केवळ टक्केवारी मात्र फसवी असते. कडधान्यांत लायसीन हे ॲमिनो अम्ल भरपूर असून ज्वारीत नेमके तेच कमी असते, म्हणून ही जोडी जमते. परंतु मिथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त ॲमिनो अम्ले कडधान्यांत अपुरी असतात आणि पिसांना तर त्यांचीच मोठी गरज लागते. ही उणीव तिळाची पेंड किंवा सुकी मासळी थोड्या प्रमाणात मिसळून भरून निघते. नदीकाठच्या गावांत मासळीची डोकी व आतडी फेकून न देता उकडून कोंबड्यांना घातल्यास तेही काम होते.

कच्चे सोयाबीन कोंबड्यांना कधीही घालू नये. त्यातील ट्रिप्सीनरोधक द्रव्ये प्रथिनांचे पचन अडवितात, स्वादुपिंड वाढते व पिलांची वाढ खुंटते. सोयाबीन शिजविल्याशिवाय प्राण्यांची वाढ नीट होत नाही, हे ऑस्बर्न व मेंडेल यांनी उंदरांवरील प्रयोगांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते. रात्रभर भिजवून सु. अर्धा तास उकळल्याने अथवा कढईत सतत हलवून खमंग भाजल्याने ही द्रव्ये बहुतांशी नष्ट होतात. करपेपर्यंत भाजल्यास मात्र लायसीनचीही हानी होते. मूग व हरभरा यांतील रोधक द्रव्ये तुलनेने कमी असली, तरी सर्वच कडधान्ये भिजवून शिजविणे किंवा भाजून भरडणे हितावह होय. पूर्व विदर्भात पिकणाऱ्या लाखोळीत प्रथिने सु. २८% असतात, पण तिच्यात तंत्रिका तंत्राला घातक असे विषारी द्रव्यही असते. ती, निदान पिलांना, देऊ नये. वऱ्हाडात मुबलक असलेल्या सरकीच्या पेंडीचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि तीतील गॉसिपॉलामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो.

याहून मोठा धोका बुरशीचा. काढणीच्या वेळी भिजलेले सोयाबीन किंवा मूग माणसांच्या उपयोगाचे राहिले नाहीत म्हणून कोंबड्यांपुढे टाकण्याची रीत सर्वत्र दिसते. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशीयुक्त भुईमूग पेंडीने मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनांचा शोध लागला. ही विषे साध्या शिजविण्याने जात नाहीत. किडलेले धान्य चालते, बुरसटलेले चालत नाही, हा भेद घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

प्रत्येक प्रौढ कोंबडीस सायंकाळी १० ते १५ ग्रॅ. शिजविलेले अथवा भाजून भरडलेले कडधान्य ज्वारीबरोबर द्यावे. पिलांना कणी बारीक असावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना यासोबत चुनखडी किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले मिळणे अगत्याचे आहे, कारण प्रथिनांनी कवच बनत नाही.

खाण्याजोगी डाळ कोंबडीला घालावी काय, हा खरा प्रश्न आहे. रोज १२ ग्रॅ. प्रमाणे दोन महिन्यांत एका कोंबडीला ७२० ग्रॅ. मूग लागतात; त्यांत सु. १७० ग्रॅ. प्रथिने असतात. लहान देशी अंड्यात ती ५ ग्रॅमच्या आतच असल्याने एवढी प्रथिने परत मिळविण्यास ३५ हून अधिक जादा अंडी हवीत. वर्षाकाठी ५०-६० अंडी देणाऱ्या कोंबडीकडून ही अपेक्षा व्यर्थ आहे. मेळघाट बालकांच्या कुपोषणासाठी १९९० नंतरच्या दशकापासून सतत चर्चेत राहिलेला प्रदेश आहे. तेथे मुलाच्या ताटातील वरण कोंबडीला देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. भुंगेऱ्यांनी पोखरलेले दाणे, पाखडताना निघालेली कणी, खळ्यावरील सांडण व अकोला-अमरावतीकडील डाळ गिरण्यांतून मिळणारी तूर चुणी यांचे अंड्यात रूपांतर होत असेल, तर मात्र तो निव्वळ लाभ होय. अंड्यातील प्रथिने डाळीतील प्रथिनांपेक्षा अधिक पचनसुलभ व समतोल असतात, शिवाय ब१२ जीवनसत्त्व डाळीत नसते, अंड्यात असते. आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पुढे बालकांसाठी अंडी वा केळी यांचा समावेश झाला, त्यामागेही हाच विचार आहे. घरचे अंडे बाजारात जाते की मुलाच्या तोंडी पडते, हे मात्र घरात त्या आठवड्यात रोख पैशाची निकड किती आहे त्यावर ठरते.

थंडीत अंडी घटण्याचे कारण केवळ खाद्य नव्हे. धारणीच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सु. पावणेअकरा तासांचा होतो आणि अंडी देण्याची क्रिया प्रकाशाच्या कालावधीवर अवलंबून असल्याने कितीही कडधान्य घातले तरी ही घट पूर्णपणे टळत नाही. ऊब टिकविण्यासाठी ज्वारी-मक्यापासून मिळणारी ऊर्जाच अधिक उपयोगी पडते. त्याचप्रमाणे मानमोडी (राणीखेत) रोगाची लस टोचलेली नसल्यास चांगल्या पोसलेल्या कोंबड्याही साथीत एका आठवड्यात मरतात.