जबलपूर आणि पोर्ट लुईस : अंतर दीड तासाचं

घड्याळ : जबलपुरात दुपारचे १२ वाजतात, तेव्हा मॉरिशसच्या राजधानीत सकाळचे १०.३०.

सूर्य : भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मॉरिशसची ६० अंशांवरची. दोन्ही शहरं आपापल्या रेखांशाच्या सुमारे अडीच अंश पश्चिमेला. त्यामुळे दोन्हीकडे घड्याळ सूर्याच्या साधारण १० मिनिटं पुढे.

ऋतू : जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, पोर्ट लुईस मकरवृत्ताच्या उत्तरेला. मे महिन्यात इथे लू, तिथे हिवाळ्याची चाहूल.

माणसं : जबलपूर १८१७पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. मॉरिशसचे मराठी भाषक हे १९व्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.